आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: कॅन्सर झालेलं लेकरू मुंबईला पोचायच्या आधी आणि गावी परत आल्यावर

मा. आरोग्यमंत्री साहेब, खात्याचे सचिव साहेब, आणि जिल्ह्याजिल्ह्यातले सिव्हिल सर्जन आणि डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) साहेब,

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातला. बारावीला असताना मला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका गाठींचा कॅन्सर निघाला, ट्रीटमेंट मुंबईत झाली, आता बरा आहे, नोकरी करतो, आणि आमच्या भागात ज्या घरात लेकराला कॅन्सर निघतो त्यांचे फोन घेतो. संस्था वगैरे काही नाही, नंबर एकाकडून दुसऱ्याकडं जातो इतकंच. देवगिरी एक्सप्रेसने जायचं तर दादरला उतरा, कोणता कागद आधी काढा, बायोप्सीचा ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात घालून ठेवतात तो) लॅबमधून मागून घ्या, असलं सांगत असतो.

हे पत्र कुठल्या हॉस्पिटलची तक्रार करायला नाही आणि कुणासाठी पैसे मागायलाही नाही. मला एवढंच म्हणायचंय की लहान मुलांच्या कॅन्सरवर उपाय आहे, आणि तो चांगला चालतो, पण आमची लेकरं त्या उपायाच्या अलीकडं आणि पलीकडं हातची जातात, म्हणजे मुंबईला पोचायच्या आधीच्या दोन-चार महिन्यांत आणि तिथून गावी परत आल्यावर, आणि हा सगळा टप्पा मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या हातात नाही साहेब, तो तुमच्या पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिलच्या हातात आहे.

उपाय चालतो हे हवेत बोलत नाही. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या शंभरातली ऐंशीच्या वर मुलं बरी होतात, गरीब देशांत बऱ्याच ठिकाणी तीससुद्धा होत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि त्यांनी २०१८ मध्ये ठरवलं की २०३० पर्यंत जगभरातली निदान ६० टक्के मुलं तरी वाचली पाहिजेत. आपल्याकडं ज्ञान नव्हतं असंही नाही. एएलएल, म्हणजे मुलांमध्ये सगळ्यात जास्त निघणारा रक्ताचा कॅन्सर, त्यासाठी एमसीपी-८४१ नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे कोणतं औषध कधी किती द्यायचं याचा ठरलेला आराखडा, मुंबईचं टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी ऐंशीच्या दशकातच वापरायला घेतला होता, पंचविशीपर्यंतची पोरं त्यात धरून. बोनमॅरो ट्रान्सप्लांट आपल्या मुंबईत डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ ला केला. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. मग आज कुठल्यातरी तालुक्यातलं सहा वर्षांचं लेकरू साध्या ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने का जातं, हा प्रश्न मी विचारतोय.

का जातं ते सांगतो. ताप येतो. तो कुणाला येत नाही. गावातला डॉक्टर सलाइन लावतो, दोन-तीन दिवस बरं वाटतं, परत येतो. मग तालुक्याला रक्त तपासतात. हा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा कागद मी आता इतके वेळा व्हॉट्सअॅपवर बघितलाय की बघायची सवयच झाली. एका लेकराचा डोळ्यासमोर आहे. हिमोग्लोबिन ५.८, प्लेटलेट ३२ हजार, पांढऱ्या पेशी ६४ हजार, आणि सगळ्यात खाली बारीक इंग्रजीत एक ओळ, की अॅबनॉर्मल सेल्स दिसतायत, पेरिफेरल स्मिअर करून घ्या. कागदावर पेनाने गोल केलेला होता, फक्त प्लेटलेटच्या आकड्याला. बाजूला लिहिलेलं डेंग्यू आणि प्रश्नचिन्ह. आईबापाने आठवडाभर पपईच्या पानाचा रस पाजला, कुणीतरी सांगितलं म्हणून शेळीचं दूधपण. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी होतात, वाढत नाहीत, आणि हिमोग्लोबिन काही पाच-सहावर येत नाही, हे मला माहिती आहे आणि मी कॉमर्सवाला आहे. खालची ती ओळ वाचली असती आणि काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरून नीट शिकलेल्या माणसाने मायक्रोस्कोपखाली बघितला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. त्या तपासणीला फार तर काहीशे रुपये लागतात.

दुसरी गोष्ट डेक्साची, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची. ही मला सगळ्यात जास्त खटकते. ल्युकेमियात लेकरांची हाडं दुखतात, रात्री रडतात, लंगडतात, काहींचे सांधे सुजतात. डॉक्टर म्हणतो संधिवात असेल, आणि स्टेरॉइड देतो. आता गंमत अशी (गंमत कसली) की डेक्सा आणि प्रेडनिसोलोन ही ल्युकेमियाच्या ट्रीटमेंटमधलीच औषधं आहेत. त्यामुळे लेकरू उठून खेळायला लागतं, ताप जातो, घरचे म्हणतात डॉक्टरच्या हाताला गुण आहे. आणि महिन्याभराने सगळं परत येतं. मधल्या काळात रक्तातल्या खराब पेशी इतक्या कमी झालेल्या असतात की तपासणीत रोग नीट सापडत नाही, सापडला तरी कितपत जोरात आहे आणि किती कडक ट्रीटमेंट लागेल हे ठरवायला गोंधळ होतो. तुम्ही खात्यातर्फे एकच वाक्य जरी सगळ्या डॉक्टरांपर्यंत पोचवलं, सरकारी आणि प्रायव्हेट दोन्ही, की लेकराला फिकटपणा, हाडदुखी किंवा कुठं गाठी असतील तर सीबीसी आणि स्मिअर बघितल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नका, तरी पुष्कळ फरक पडेल. त्याला बजेट लागत नाही.

माझं स्वतःचं सांगायचं तर माझ्या मानेत गाठ होती, न दुखणारी, रबरासारखी, रात्री घामाने बनियन भिजायचा, वजन उतरलं. टीबी म्हणाले. चूक पूर्ण त्यांची म्हणता येत नाही, आपल्याकडं मानेतली गाठ म्हणजे दहात नऊ वेळा डोक्यात आधी टीबीच येतो, आणि लक्षणं दोघांची सेम टू सेम. पण गाठ कापून तपासली नाही, सुईने थोडं पाणी काढलं, त्यात काही ठरेना तरी गोळ्या चालू केल्या. कोर्स चालू, गाठ वाढतेय, आणि मला सांगतायत की गोळ्यांनी गाठ आधी थोडी वाढतेच, धीर धर. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला सरकार खाण्यापिण्यासाठी देतं ते, महिन्याला ५०० रुपये बँकेत येत होते, ते मात्र टायमावर यायचे. शेवटी दुसरीकडच्या एका शिकाऊ डॉक्टरणीने हात लावून बघितलं आणि म्हणाली बायोप्सी का केली नाही रे अजून. हॉजकिन हा लवकर सापडला तर दहातले नऊ बरे होतात असा कॅन्सर आहे. तो सुद्धा आम्ही टीबीच्या गोळ्यांवर वाढवत बसतो. टीबीचा प्रोग्राम तुमच्याच खात्याचा आहे, त्यात एक नियम टाका की मुलांच्या आणि तरुणांच्या गाठीचा टीबी जंतू सापडून पक्का झाला नसेल तर गोळ्या चालू करायच्या आधी बायोप्सी, आणि गोळ्या चालू असताना गाठ काही आठवड्यांत कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर पुन्हा नव्याने तपासणी, कोर्स वाढवत बसायचं नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात. गुडघ्याच्या वर-खाली सूज, खो-खो खेळताना लागलं असेल म्हणून हाडवैद्याकडं चोळून घेतात, एक्स-रे महिनोन्‌महिने होत नाही, नंतर ऑस्टिओसार्कोमा किंवा युइंग, म्हणजे हाडाचा कॅन्सर निघतो. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी, अॅसिडिटीच्या गोळ्या चालू, डोक्यात गाठ. आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात गोळा लागतो, जंताचं औषध. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पांढरी चमकते, किंवा तिरळेपणा येतो आणि आजी म्हणते तिरळं लेकरू नशीबवान असतं. तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कॅन्सर असू शकतो, वेळेत गेलं तर जीव वाचतोच आणि बऱ्याचदा डोळापण.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं दुर्मिळ आहे, पीएचसीच्या डॉक्टरने काय काय लक्षात ठेवायचं, त्याला बाळंतपणं आहेत, लसीकरण आहे, वर ऑनलाइन पोर्टल भरायचेत. पटतं. पण ढोबळ हिशोब करा. एका पीएचसीखाली ३० हजार लोकसंख्या, त्यात अठराच्या आतली दहा हजार धरा, लाखाला दहाच्या आसपास केसेस धरल्या तर वर्षाला एक लेकरू. एकच. पण त्या डॉक्टरच्या ओपीडीत ते येऊन जातं, एकदा नाही, चार-पाचदा येऊन जातं.

आणि नवीन काही उभं करायची गरज नाहीये हेच तर मला सांगायचंय. आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, आहे ना. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. गाडी, दोन आयुष डॉक्टर, एएनएम म्हणजे नर्स, फार्मासिस्ट, वर्षातून दोनदा अंगणवाडी आणि एकदा शाळा. माझ्या शाळेतपण यायची, रांगेत उभं करून दात, डोळे, वजन बघायचे. जन्मापासून अठरापर्यंतची सगळी मुलं त्यात येतात. पण २०१३ च्या मूळ यादीत जे ३० आजार होते त्यात दात किडणं आहे, कान फुटणं आहे, त्वचेचे रोग आहेत, सगळं बरोबर आहे, कॅन्सर नाही. जी टीम लेकराच्या डोळ्यात बॅटरी मारतेच आहे तिला पांढरी बाहुली दिसली तर पुढं काय करायचं हे शिकवा. मान आणि पोट चाचपून बघायला एक मिनिट जास्त लागेल. आशाताई आणि उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमसाठी एक कार्ड छापा, मराठीत, चित्रांसकट, दोन्ही बाजूंनी मिळून सात-आठ लक्षणं, आणि खाली एक फोन नंबर जो खरंच कुणीतरी उचलतं.

कार्डाने काय होतं असं वाटत असेल तर इंग्लंडचं बघा. तिथं फुकट सरकारी आरोग्यसेवा, घराजवळ डॉक्टर, तरी मुलांचा ब्रेन ट्यूमर सापडायला चौदा आठवडे लागायचे. त्यांनी २०११ मध्ये हेडस्मार्ट नावाची मोहीम काढली, लक्षणांची कार्डं डॉक्टरांना आणि पालकांना वाटली, आणि दोन वर्षांत ते सातच्या आत आलं. आणि इंग्लंड लांब वाटत असेल तर बार्शी बघा. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. १९८७ मध्ये तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटची नोंद ठेवणारं केंद्र सुरू झालं, त्याची माणसं हॉस्पिटलात बसून पेशंटची वाट बघत बसली नाहीत, बार्शी, परांडा, भूमच्या गावागावात गेली, लोकांना जमवून लक्षणं सांगितली, आणि नुसत्या त्या बोलण्याने गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडायला लागला. तेव्हा मोबाइल नव्हते.

वयाचा एक मुद्दा आहे तो कुणी बोलतच नाही. पुष्कळ सरकारी हॉस्पिटलांत बालरोग विभाग बारा वर्षांपर्यंतच घेतो. तेरा-चौदाचं पोरगं जनरल मेडिसिनच्या वॉर्डात, दोन्ही बाजूला दारूने लिव्हर गेलेले काका. मेडिसिनवाले म्हणतात लहान आहे, बालरोगवाले म्हणतात मोठा आहे. हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही, किशोरवयीन आणि तरुण एएलएल पेशंटना मुलांसारखा प्रोटोकॉल दिला तर जास्त जण वाचतात हे सिद्ध झालेलं आहे, मोठ्यांसारखा दिला तर कमी. म्हणजे कोणत्या वॉर्डात टाकलं यावर जगणं-मरणं. सरकारी हॉस्पिटलांत ही मर्यादा अठरा करा. आणि वीस-बावीसच्या पोरांना केमो चालू करायच्या आधी कुणीतरी बाजूला घेऊन सांगत जा की पुढं मूल व्हायला अडचण येऊ शकते, वीर्य आधी साठवून ठेवता येतं. डॉक्टरला घाई, बापाला लाज, पोराला माहितीच नाही. मुलींच्या बाबतीत तर हा विषय निघतसुद्धा नाही.

मुलींवरून आठवलं. माझ्याकडं येणाऱ्या फोनमध्ये मुली कमी असतात. मला वाटायचं योगायोग असेल. पण २०२३ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय मासिकात आपल्याच देशातल्या मोठ्या सेंटर्सच्या आकड्यांवर अभ्यास आला, त्यातपण तेच, मुलग्यांच्या मानाने मुली दवाखान्यापर्यंत कमी पोचतात. रोग काही मुलगा-मुलगी बघून तेवढा फरक करत नाही. तुमच्या आशाताईला कोणत्या घरात कोणती पोरगी महिनाभर अंथरुणात आहे हे माहिती असतं, तिला फक्त विचारायला कुणी हवं.

आता पलीकडची बाजू. योजना आहे, महात्मा फुले जन आरोग्य, पाच लाखांपर्यंत कव्हर, ते चांगलंच केलं, खरंच. पण योजना सुरू होते निदानाचा कागद हातात आल्यावर. तोवरच्या तपासण्या, गाड्या, डॉक्टर बदलणं, यात घरातली म्हैस तरी विकली जाते नाहीतर सावकार. आणि मुंबईत औषध फुकट मिळालं तरी राहायचं कुठं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर रुग्ण सेवा सदन, सेंट ज्यूडची सेंटर्स, यांनी किती घरं सांभाळलीत त्याला हिशोब नाही, पण सगळ्यांना जागा मिळत नाही, आणि ज्याला मिळत नाही तो हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर, पांढऱ्या पेशी शून्याला टेकलेल्या लेकराला घेऊन. एएलएलची ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते साहेब. बाप मजुरी सोडून किती दिवस थांबणार. टाटामध्ये २००९ च्या सुमाराला पाचातलं एक लेकरू ट्रीटमेंट नाकारून नाहीतर अर्धवट सोडून जायचं, मग इम्पॅक्ट फाउंडेशनचं काम उभं राहिलं, राहणं, खाणं, समुपदेशन, न आलेल्या घराला फोन करून का आला नाहीत विचारणं, आणि काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. औषध तेच होतं, सोबत भाकरी आणि फोन आला एवढाच फरक. टीबीच्या पेशंटला पोषणाचे पैसे मिळतात तसे कॅन्सरच्या लेकराला ट्रीटमेंट संपेपर्यंत द्या, कुपोषित लेकराला केमो झेपत नाही, हे तुमचे डॉक्टरच सांगतील.

आणि सगळ्यात भीतीचं म्हणजे घरी आल्यावरचा ताप. दोन केमोच्या मध्ये आठ-पंधरा दिवस घरी पाठवतात, त्यात पेशी खाली असताना ताप आला तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेलं पाहिजे, नाहीतर सकाळी हसत असलेलं लेकरू रात्री नसतं. आमच्याकडं काय होतं, सिव्हिलला नेलं की फाइल बघतात, टाटा लिहिलेलं दिसलं की हात मागे, घेऊन जा मुंबईला. परभणीहून मुंबई म्हणजे अख्खी रात्र. एका बापाचा मला रात्री दीडला फोन आला होता, अॅम्ब्युलन्स जालन्याच्या पुढं गेली होती आणि तो विचारत होता की आता परत फिरू का पुढं जाऊ. हातात पिक लाइन, म्हणजे केमोसाठी शिरेत घातलेली बारीक नळी असते लेकराच्या, तिचं आठवड्याला ड्रेसिंग आणि फ्लश करायचं असतं, तेवढ्यासाठी सुद्धा माणसं मुंबईला जातात कारण इथली सिस्टर म्हणते आम्ही हात लावत नाही. तिची चूक नाही, तिला कुणी शिकवलंच नाही.

२०२५ च्या केंद्राच्या बजेटमध्ये सगळ्या जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे केअर कॅन्सर सेंटर करायचं जाहीर झालंय, पहिल्याच वर्षी २००. आपल्या राज्यात ती होतील तेव्हा मुलांना घेणार का हे आत्ताच कागदावर लिहा, नाहीतर ती फक्त मोठ्यांची होतील आणि आम्हाला परत देवगिरीच पकडायची. प्रत्येक सिव्हिलला एक बालरोगतज्ज्ञ आणि दोन सिस्टर यांना टाटा नाहीतर त्यांच्याच खारघरच्या अॅक्ट्रेक सेंटरला ट्रेनिंगला पाठवा. तापाचं लेकरू आलं की काय करायचं याचा एक पानी कागद कॅज्युअल्टीच्या भिंतीवर लावा, त्यावर मुंबईच्या ड्युटी डॉक्टरचा नंबर. प्लेटलेटची सोय जिल्ह्यात ठेवा. माझ्या डोक्यात तरी याला नवीन बिल्डिंग लागत नाही.

बरं झाल्यानंतरचंही एक. टाटात १९९१ पासून डॉ. पूर्णा कुरकुरेंनी सुरू केलेलं क्लिनिक आहे, ट्रीटमेंट संपलेल्यांसाठी, हृदय, हार्मोन, ऐकू येणं, सगळं वर्षानुवर्षं तपासतात, आणि उगम नावाचा बरे झालेल्या पोरांचा ग्रुपपण आहे. मुंबईबाहेर असलं काही मला तरी दिसलं नाही. भरतीच्या मेडिकलला कॅन्सर होता म्हटलं की समोरचा खुर्ची मागे सरकवतो. विमेवाल्यांचं तर बोलायलाच नको. हा विषय तुमच्या एकट्याच्या खात्याचा नाही, पण फिटनेस सर्टिफिकेट सिव्हिललाच मिळतं, तिथल्या डॉक्टरला निदान हे माहीत असावं की बरा झालेला म्हणजे बरा झालेला.

दर सप्टेंबरला सरकारी इमारतींवर सोनेरी लायटिंग होतं, मुलांच्या कॅन्सरचा जागृती महिना म्हणून. फोटो छान येतात. जूनमध्ये शाळा उघडतील आणि आरबीएसकेच्या गाड्या परत फिरायला लागतील, त्याच्या आधी कार्ड छापून त्या गाड्यांत ठेवता आलं तर बघा. त्यात कोणती लक्षणं टाकायची, कोणत्या शब्दांत लिहिली म्हणजे आमच्याकडच्या आईला कळतील, हे सांगायला मी आणि माझ्यासारखे चार-सहा जण सुट्टी टाकून परभणीच्या डीएचओ ऑफिसला यायला तयार आहोत. फक्त वार कळवा.

आपला,
परभणी जिल्ह्यातला एक बरा झालेला पेशंट